कंदिलाला काच कशाला? सातवीच्या वर्गातले दिव्यांच्या वंशावळीचे प्रकरण

‘शोध आणि शोधक’ हा विषय बहुतेक शाळांत तक्त्यावर सुरू होतो आणि तक्त्यावरच संपतो. एका रकान्यात वस्तू, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात साल. चंद्रपूर जिल्ह्याच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत तसा तक्ता भिंतीवर लावलेला होता आणि सातवीच्या चोवीस मुलामुलींना तो पाठही होता. विज्ञानाच्या शिक्षिकांनी तक्त्यात नसलेला एक प्रश्न विचारला: कंदिलाला काच कशाला असते? जवळपास सगळ्यांचे उत्तर एकच आले, वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून. ते चूक नाही. पण ते अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि कंदिलाची खरी करामत त्या उरलेल्या अर्ध्यात आहे.

पुढचे सगळे काम या प्रश्नातून निघाले. विज्ञान आणि इतिहास या दोन विषयांच्या तासिका जोडून घेतल्या, वस्तू एकच ठरवली: दिवा. पणतीपासून एलईडीपर्यंतचा प्रत्येक टप्पा गावात कुठे ना कुठे आजही हाताला लागतो, आणि तो उघडून बघता येतो, म्हणून दिवा. मोबाइलचे तसे नाही. उघडला तरी आत काय चालते ते दिसत नाही. वेळ ठरली दिवाळीनंतरची. धान कापणीला आलेला, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरलेली, रात्री झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भाकडची नाटके सुरू, त्यामुळे रात्रीच्या उजेडाचा विषय घरात निघतोच. शिवाय एक सुरक्षेचे कारण होते. भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असतो. म्हणजे त्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगी लागताच भडकू शकतात. ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. हे प्रयोग उन्हाळ्यात करायचेच नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळची वेळ, हेच बरे.

प्रत्येक वस्तूसाठी मुलांनी एक कार्ड भरायचे होते. त्यावर चारच प्रश्न. हिच्या आधी काय वापरत होते? त्याची अडचण काय होती? ही वस्तू बनायला आधी दुसरे काय यावे लागले? हिने कोणती नवी अडचण आणली? शोधकाचे नाव आणि साल कार्डाच्या मागच्या बाजूला, आणि तेही सगळ्यात शेवटी. तिसरा प्रश्न मुलांना सर्वांत जड गेला. या प्रकरणात शिकण्यासारखे जे काही घडले, ते बरेचसे त्या तिसऱ्या प्रश्नापाशी घडले.

काय आले, काय परत पाठवले

मुलांनी घरून आणलेल्या वस्तूंचा ढीग बघण्यासारखा होता. पणत्या आणि एक पितळी समई. औषधाच्या बाटलीच्या दोन चिमण्या. तीन कंदील, त्यातल्या एकाला काच नाही आणि एकाची टाकी गंजून भोक पडलेली. बॅटऱ्या, म्हणजे टॉर्च. रात्री धानाची राखण करताना कपाळाला बांधतात तो हेडलाइट. सोलरचा छोटा दिवा. फ्यूज गेलेले एलईडी बल्ब तर पोतेभर.

दोन वस्तू मात्र शिक्षिकांनी बाजूला काढल्या. एक सीएफएल. त्यात पारा असतो. मात्रा फार थोडी, तरी काच फुटली की तो वर्गाच्या हवेत येतो. सीएफएल अख्खा दाखवायचा, उघडायचा नाही. दुसरी, गॅसबत्तीची जळून पांढरी झालेली जाळी. या जाळ्या पूर्वी थोरियमच्या क्षारात बुडवून करत, आणि थोरियम किरणोत्सारी आहे. जाळीला बोट लागले की तिची भुकटी होते आणि ती भुकटी नाकात जायला नको. गॅसबत्ती जाळीशिवाय ठेवली. पंप, टाकी आणि नळी एवढे बघायला पुरे होते.

रॉकेल एकूण अर्धा लीटर लागले. ते वर्गाबाहेर, सावलीत, धातूच्या डब्यात ठेवले आणि दर वेळी लागेल तेवढेच, साधारण ५० मिली, आत आणले. ज्योतीजवळ वाळूची बादली आणि ओले पोते. ओढणी आणि मोकळे केस बांधून. रॉकेल मिळाले नाही म्हणून पेट्रोल, थिनर किंवा त्यांची भेसळ कधीही वापरायची नाही. कंदिलाचा स्फोट होतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

काच

काचेचा प्रयोग दहा मिनिटांचा आहे. एक चपटी फरशी, तिच्यावर ६० मिलीच्या बाटलीची चिमणी, एक तृतीयांश रॉकेल भरलेली. वात टोपणावर फक्त तीन-चार मिलिमीटर. पेटवल्यावर ज्योत पिवळी, हलती, शेंड्याला काजळी. आता कंदिलाची दोन्हीकडून उघडी काच तिच्याभोवती फरशीला टेकवून ठेवायची. वारा पूर्ण अडला. मुलांच्या म्हणण्याप्रमाणे ज्योत आता छान जळायला हवी. ती उलट गुदमरते, लपलपते, धूर ओकते आणि कधी विझतेही.

मग काचेखाली समोरासमोर दोन पेन्सिली आडव्या सरकवायच्या. सात-आठ मिलिमीटरची फट झाली. ज्योत ताठ उभी राहते आणि पांढरी होते. काजळी मोजायला पांढरी बशी प्रत्येक वेळी काचेच्या तोंडापासून तितक्याच उंचीवर दहा सेकंद धरायची आणि दोन्ही बशा शेजारी ठेवायच्या. गरम हवा काचेतून वर जाते, तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाते. काच वारा अडवते आणि वाराच ओढून आणते. जिनिव्हाचे एमे आर्गां यांनी १७८० च्या सुमारास पोकळ गोल वात आणि तिच्यावर अशी नळकांडी बसवून दिव्याचा उजेड कितीतरी पट वाढवला, तो याच ओढीवर.

कंदिलाच्या बाजूच्या दोन नळ्यांबद्दल तर वर्गात वादच झाला. काहींना वाटत होते की त्यातून रॉकेल वर चढते. काही म्हणाले, त्या धरायच्या दांड्या आहेत. वाद बोलून मिटवण्यात अर्थ नव्हता. कंदील पेटवून, वरच्या टोपणाखाली जिथून नळ्यांत हवा शिरते त्या फटीवर ओले फडके गुंडाळले. धूर जायचे वरचे तोंड मोकळे ठेवले. ते झाकले तर प्रयोग बिघडतो. काही क्षणांत ज्योत लांब आणि तांबूस झाली, काच काळवंडू लागली. फडके काढले, ज्योत जागेवर. नळ्यांतून येते ती ताजी हवा, वरून घेऊन खाली बर्नरला पोचवलेली. वाऱ्याची झुळूक आली तरी ती नळ्यांतल्या वळणात मरते. अमेरिकेच्या जॉन अर्विन यांनी १८६० आणि १८७० च्या दशकांत हे नळ्यांचे कंदील बसवले. आधीच्या रचनेत नळ्यांतून ज्योतीवरची गरम, वापरलेली हवाही परत यायची; नंतरच्या रचनेत फक्त थंड ताजी हवा घेतली आणि उजेड वाढला. आपल्याकडे घराघरात लोंबकळणारा कंदील या दुसऱ्या जातीचा.

सोयाबीनचे तेल

आता ज्या ठिकाणी गाडी अडली ते.

रॉकेल जपून वापरायचे म्हणून मुलांच्या एका गटाने तिसऱ्या कंदिलात घरचे सोयाबीनचे तेल भरले. तर्क सरळ होता: पणती त्याच तेलावर रात्रभर जळते, मग कंदील का नाही? वात नवी, टाकी अर्धी भरलेली, बर्नर स्वच्छ. पेटवला, दोन-तीन मिनिटे बरा जळला, मग ज्योत बसू लागली, वातीचा शेंडा लाल होऊन कोळसा झाला आणि दिवा गेला. वात वर केली, पुन्हा तेच. गटाने निष्कर्ष काढला की कंदील खराब आहे.

इथे शिक्षिकांनी उत्तर दिले असते तर पाच मिनिटांत विषय संपला असता. त्यांनी त्याऐवजी सुती कापडाच्या सारख्या पट्ट्या कापायला लावल्या: एक सेंमी रुंद, पंधरा सेंमी लांब, दर सेंमीला पेन्सिलची खूण. एक पट्टी रॉकेलच्या वाटीत लोंबती, एक सोयाबीन तेलाच्या. बुडालेला भाग सारखा, एक सेंमी. पाच, पंधरा आणि तीस मिनिटांनी ओल कुठवर चढली ते लिहायचे. जवळ ज्योत नाही. रॉकेल भराभर चढते. सोयाबीनचे तेल खालच्या खुणांतच रेंगाळते. तेवढ्याच वेळात रॉकेलने गाठलेल्या उंचीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. साध्या तापमानाला सोयाबीनचे तेल रॉकेलपेक्षा पंचवीस-तीस पटींनी घट्ट असते. ज्योत जितक्या वेगाने तेल जाळते तितक्या वेगाने ते आठ-दहा सेंमी वर चढतच नाही. शेवटी तेलाऐवजी वातच जळते.

मग टेबलावरच्या जुन्या वस्तूंकडे मुलांनी परत बघितले. पणतीत तेल आणि ज्योत यांत किती अंतर? बोटभर. समईत? वात तेलातच आडवी पडलेली, तोंड काठावर. देवापुढच्या नंदादीपात? तेच. घट्ट तेलाच्या प्रत्येक दिव्यात तेल ज्योतीच्या शेजारी ठेवलेले, कुठेही खोल खाली नाही. आणि रॉकेलच्या प्रत्येक दिव्यात, चिमणी असो की कंदील, टाकी खाली आणि ज्योत वर. एका मुलाने हे कार्डावर लिहिले ते असे: “तेल बदललं म्हणून दिव्याचा आकार बदलला.” तक्त्याच्या तीन रकान्यांतून हे वाक्य कधीच निघाले नसते.

युरोपातल्या कारागिरांनीही याच अडचणीशी झुंज दिली होती. टाकी खाली असेल तर सावली पडत नाही आणि दिवा टेबलावर नीट उभा राहतो, पण घट्ट तेल वर चढत नाही. पॅरिसच्या बेर्नार कार्सेल यांनी १८०० मध्ये दिव्याच्या बैठकीत घड्याळासारखी चावीची यंत्रणा बसवून तेल पंपाने वर चढवले. दिवा महाग झाला आणि बिघडला की घड्याळजीकडे न्यावा लागे. पुढे अब्राहम गेस्नर यांनी १८४६ मध्ये दगडी कोळशापासून रॉकेल काढून दाखवले, इग्नासी वुकासेविच यांचा रॉकेलचा दिवा १८५३ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या ल्वूव शहरातल्या इस्पितळात लागला, १८५९ मध्ये अमेरिकेत टायटसव्हिल इथे तेलविहीर लागली आणि पातळ तेल स्वस्त झाले. कार्सेलचा पंप निकामी ठरला तो त्याहून चांगला पंप आला म्हणून नाही, तर पंपाची गरज उरली नाही म्हणून. इतिहासाच्या सरांनी यावर एक आख्खी तासिका घालवली आणि ती वाया गेली नाही.

हा प्रयोग दुसरीकडे करताना दोन चुका संभवतात. पट्ट्यांचे कापड नवे, खळीचे असेल तर दोन्ही तेले नीट चढत नाहीत. जुने, धुतलेले सुती घ्यावे. आणि सोयाबीन तेलाने भरलेला कंदील परत रॉकेलवर चालवायचा असेल तर वात बदलावी लागते, नाहीतर तो पुढे कितीतरी दिवस धुमसतो.

तेलाचा डाग

कंदिलाचा उजेड पणतीपेक्षा जास्त, हे कोणीही सांगेल. किती जास्त? मोबाइलवर उजेड मोजायची ॲप्स आहेत, पण त्याच जागी दोन फोन दोन आकडे दाखवतात. वर्गाने जुनी, रॉबर्ट बुन्सेन यांची पद्धत वापरली. पांढऱ्या कागदाच्या मधोमध तेलाचा एक थेंब टाकून पाच रुपयांच्या नाण्याएवढा डाग पाडायचा, जादा तेल टिपून घ्यायचे. कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत उभा. एका बाजूला पणती, दुसऱ्या बाजूला कंदील. जिकडून उजेड कमी पडतो त्या बाजूने बघितले तर डाग उजळ दिसतो, जास्त उजेडाच्या बाजूने काळपट. एक दिवा पुढेमागे सरकवत डाग जवळपास नाहीसा होतो ती जागा शोधायची. तिथे कागदाच्या दोन्ही बाजूंना उजेड सारखा.

मग अंतरे मोजायची. समजा पणती कागदापासून २० सेंमीवर आणि कंदील ६० सेंमीवर आहे. अंतर तिप्पट, म्हणून कंदिलाचा उजेड ३ × ३ = ९ पट. तिप्पट अंतर म्हणजे तीन पट उजेड नाही, हे सातवीच्या मुलांना पटवायला चौकटींचा कागद लागला: दिव्यापासून दुप्पट अंतरावर तोच उजेड चार चौकटींवर पसरतो, तिप्पट अंतरावर नऊ. वर्ग आणि वर्गमूळ याच वर्षी गणितात येतात, त्यामुळे गणिताच्या शिक्षकांनीही यात लक्ष घातले.

खोली काळोखी लागते. खिडक्यांना धानाचे बारदान लावले तरी पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत येतो आणि आकडे बिघडतात; दिव्यांच्या मागे काळे कापड टांगल्यावर गटागटांचे आकडे जवळ आले. एलईडी आणि ज्योत यांची तुलना मात्र या पद्धतीने नीट होत नाही. एक पांढरट निळा, दुसरी पिवळी, त्यामुळे डाग पूर्ण कधीच जात नाही. तिथे बल्बच्या खोक्यावरचे ल्युमेनचे, म्हणजे उजेडाच्या मापाचे आकडे वाचायला दिले: जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन, ९ वॉटचा एलईडी साधारण ९००.

बांबू, शिस आणि हवा

बल्बचा शोधक म्हणून लिहिलेल्या एडिसनपाशी तक्ता सगळ्यात खोटा पडतो. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान त्याच सुमारास कार्बनच्या तारेचे दिवे दाखवत होते, आणि १८८३ मध्ये दोघांची मिळून कंपनी झाली. ऑक्टोबर १८७९ मध्ये एडिसन यांच्या प्रयोगशाळेत कार्बन केलेल्या सुती धाग्याचा दिवा तेरा-चौदा तास टिकला. पुढच्या वर्षी जपानी बांबूच्या काडीचा कार्बन करून हजार तासांच्या पुढे मजल गेली. बांबूचे नाव निघताच वर्ग जागा झाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना बांबू कोणी शिकवायचा?

पण तारा इतरांनीही करून पाहिल्या होत्या. अडत होते ते हवेपाशी. हे दाखवायला फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घेतली. ती आता कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी असते. मेकॅनिकल पेन्सिलची ०.५ मिलिमीटरची शिस, दोन क्लिपांत पाच-सहा सेंमी लांब. वायरीच्या मध्ये १० ॲम्पिअरचा फ्यूज. क्लिपा एकमेकींना टेकल्या तर बॅटरी तापून वायर जळते, म्हणून तो हवाच. शिसेवर काचेची बरणी उपडी. जोडणी शिक्षिकांनी स्वतः केली, मुले दोन हात दूर. आधी धूर निघतो, तो शिसेतल्या बांधणीच्या द्रव्याचा. मग शिस लालपिवळी झगमगते आणि थोड्या वेळात मधेच बारीक होऊन तुटते. कार्बन हवेतल्या ऑक्सिजनने जळून गेला. बरणीतली हवा काढून टाकता आली तर? इथे १८६५ चा हेर्मान श्प्रेंगेल यांचा पाऱ्याचा पंप येतो. त्याने काचेच्या गोळ्यातली हवा जवळपास पूर्ण काढता येऊ लागली आणि बल्ब शक्य झाला. मुलांनी कार्डाच्या तिसऱ्या प्रश्नासमोर लिहिले: पंप. कंदिलासमोर लिहिले होते: पातळ तेल.

फ्यूज गेलेले एलईडी बल्ब उघडताना एक गोष्ट मुलांनीच पकडली. प्लास्टिकची टोपी काढली की ॲल्युमिनियमच्या चकतीवर एकसर जोडलेले पिवळे ठिपके दिसतात आणि मेलेल्या बल्बमध्ये एका ठिपक्यावर बहुधा काळा टिंब असतो. एक तुटला की सगळी माळ बंद. गावातली मोठी पोरे तो ठिपका शॉर्ट करून बल्ब पुन्हा चालवतात. त्याबद्दल वर्गात स्पष्ट बजावावे लागले: आतले सर्किट थेट २३० व्होल्टला जोडलेले असते, चकतीला हात लागला तर झटका बसतो, आणि उरलेल्या ठिपक्यांवर ताण वाढून तेही लवकर जातात. उघडलेला बल्ब होल्डरला लावायचा नाही.

आणि होल्डर? एका मुलीने विचारले, ठिपके चकतीवर आहेत तर बल्ब गोल कशाला? होल्डर तोच राहिला म्हणून. दोन पिनांचा होल्डर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घराघरात बसलेला आहे, कोणी भिंत फोडून नवा बसवणार नाही. लाल एलईडी १९६२ मध्ये आला, निळ्यासाठी आणखी तीन दशके लागली, त्यावर अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले, आणि २०१५ पासून सरकारच्या स्वस्त एलईडीच्या उजाला योजनेत तो खेड्यापाड्यांत पोचला. पण आला तो जुन्या बल्बच्या अंगरख्यात.

“तुमच्या लग्नात उजेड कशाचा होता?”

घरच्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती पहिल्या फेरीत फुकट गेल्या. “गावात वीज कधी आली?” या प्रश्नाला “लई वर्सं झाली” यापलीकडे काही आले नाही. साल कोणी लक्षात ठेवत नाही, प्रसंग लक्षात ठेवतात. इतिहासाच्या सरांनी प्रश्न बदलला: तुमच्या लग्नात उजेड कशाचा होता? पहिले लेकरू कशाच्या उजेडात झाले? मंडईच्या नाटकात स्टेजवर काय लटकत होते? लगेच वह्या भरल्या. एका आजीने सांगितले, “माया लग्नात दोन गॅसबत्त्या होत्या, भाड्याच्या. पंप मारनारा मानूस वेगळा, त्याले जेवन आधी.” लग्नाचे साल थोरल्या मुलाच्या वयावरून काढता आले आणि पाटीवर गावाची स्वतःची सनावळी उभी राहिली.

दोन सनावळ्या शेजारी लावल्या तेव्हा मोजमापाचा घोळ दिसला. मुलांनी पणती, आर्गां, रॉकेल, बल्ब, एलईडी सारख्या अंतरावर काढले होते. मग व्हरांड्यात सुतळी बांधली, एक सेंमी म्हणजे एक वर्ष. आर्गांपासून आजपर्यंत अडीच मीटरच्या आत सगळे उरकले. फ्रान्सच्या लास्को गुहेतला दगडी दिवा सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्यासाठी १७० मीटर, म्हणजे फाटक ओलांडून डांबरी रस्त्यापलीकडे जावे लागले. तिथे उभ्या राहिलेल्या मुलाला व्हरांड्यातल्या चिठ्ठ्या दिसतही नव्हत्या.

सुतळीने एक गैरसमज मात्र पक्का केला, तो पुढे काढावा लागला: नवा दिवा आला की जुना मरतो. तसे होत नाही. पणती दिवाळीत आहे, समई देवघरात आहे, लाइन गेली की कंदील उतरतो आणि शेतात हेडलाइटच लागतो, कारण दोन्ही हात मोकळे हवेत आणि वाघाच्या मुलखात मान वळेल तिकडे उजेड पडायला हवा. सरळ रेघेऐवजी फांद्यांचे झाड काढायला लावले, तेव्हा हेडलाइटला दोन आईबाप निघाले, एलईडी आणि मोबाइलमुळे स्वस्त झालेली लिथियम बॅटरी.

एका मुलीचा प्रश्न सगळ्यांना अडचणीत टाकणारा होता: “मॅडम, हे सारे नाव बाहेरचेच काऊन जी?” अशा वेळी दोन सोप्या पळवाटा असतात. आपल्याकडे सगळे आधीच होते असे सांगायचे, किंवा विषय बदलायचा. दोन्ही टाळल्या. पेटंट नोंदवणाऱ्याचे नाव राहते, औषधाच्या बाटलीला भोक पाडून चिमणी करणाऱ्याचे राहत नाही, हे ढिगातल्या दोन चिमण्या हातात देऊन दाखवले. दोघींचे टोपण वेगळ्या पद्धतीने बसवलेले होते. एकीत वातीची नळी जुन्या बॅटरीच्या पत्र्याची. शिवाय गॅसबत्तीची जाळी. कार्ल आउअर यांनी १८८५ मध्ये तिचे पेटंट घेतले, पण तिच्यातले थोरियम १९०९ नंतर मोठ्या प्रमाणात दक्षिण भारतातल्या त्रावणकोर संस्थानच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून गेले. युरोपच्या रस्त्यांवरचा उजेड त्रावणकोरच्या वाळूचा होता आणि नाव ऑस्ट्रियाचे. मुलीचे पूर्ण समाधान झाले असे नाही, आणि व्हायलाही नको होते.

परीक्षा आणि पुढची वस्तू

शेवटी लेखी परीक्षेऐवजी प्रत्येक गटाला वर्गात न शिकवलेली एक वस्तू दिली: सायकलचा डायनॅमो, काडीपेटी, सोलरचा दिवा, लोखंडी कुलूप. चार प्रश्न तेच. काडीपेटीच्या गटाने गुल आणि बाजूची पट्टी वेगळी केली, गुल सिमेंटवर घासून बघितला, पेटला नाही, आणि पट्टीत काहीतरी वेगळे असले पाहिजे इथपर्यंत स्वतः पोचले. तो तांबडा फॉस्फरस आहे, हे मग सांगितले. कुलपाच्या गटाचे काम कच्चे राहिले, कारण कुलूप उघडून बघता आले नाही. वस्तू निवडतानाच ही खबरदारी घ्यायला हवी. चौथा प्रश्न, नवी अडचण कोणती, यावर सगळेच गट थोडक्यात निसटले. एलईडीच्या कार्डावर तिघांनी “काहीच नाही” असे लिहिले. त्यांना फ्यूज बल्बचे पोते दाखवून कार्ड परत दिले.

पुढच्या वर्षासाठी हातपंप ठरला आहे. त्या मुलीच्या प्रश्नाला तो जास्त चांगले उत्तर देईल. बोअरवर सतत चालेल, गावकऱ्यांना दुरुस्त करता येईल असा पंप या देशातच घडत गेला: आधी जालन्याचा, मग सोलापूरचा आणि १९७० च्या दशकात त्यातून इंडिया मार्क २. अडचण एकच, पंप उघडायला मेकॅनिक लागतो आणि तो दुरुस्तीशिवाय उघडत नाही. म्हणून ग्रामपंचायतीला आधीच सांगून ठेवायचे, वायसर बदलायला माणूस येईल त्या दिवशी सातवीच्या तासिका पंपावर. काढलेली कातडी किंवा रबरी वायसर फेकू द्यायची नाहीत. झिजलेले आणि नवे शेजारी ठेवले की पंप पाणी का सोडतो, हे मुलांना सांगायची गरज पडत नाही.